ताप उतरताना

मालनबाई जमदाडे पहिल्यांदा डायलिसिसच्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांनी एकच अट घातली. त्या होनमानेबाईनं आपल्याला हात लावायचा नाही.

होनमानेबाई म्हणजे स्वरूपा. तासगावच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती डायलिसिस टेक्निशियन होती, आणि अकरा खुर्च्यांच्या हॉलमध्ये तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याआधी काही वर्षं ती मालनबाईंची सून होती. मालनबाईंची मूत्रपिंडं निकामी होत चालली, मुलाचं रक्त जुळेना आणि सुनेचं जुळलं, तेव्हा एक मूत्रपिंड ती देणार, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं. स्वरूपा नाही म्हणाली. मला भीती वाटते, एवढंच तिनं सांगितलं. त्या दिवसापासून मालनबाईंनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. आठ महिने एकाच घरात त्या वेगळी चूल मांडून जेवल्या. शेवटी स्वरूपानं माहेरचं आडनाव परत घेतलं आणि बेदाण्याच्या शेडवरून दिसणारं ते घर सोडलं.

पण गावात डायलिसिसची सोय एकच. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मालनबाईंना त्याच हॉलमध्ये यावं लागे. स्वरूपा शेजारच्या खुर्चीशी आली की त्या तोंड भिंतीकडे फिरवत. एकदा त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "जिवंत माणसाला नाही म्हणाली ती. तिच्या हातून सुई टोचून घेण्यापेक्षा मी घरी मरीन." स्वरूपानं ते ऐकलं आणि दुसऱ्या रुग्णाच्या पट्ट्या आवळत राहिली. तिलाही त्या बाईबद्दल माया नव्हती. आठ महिन्यांच्या अबोल्यात जी उरली होती तीही आटून गेली होती.

मालनबाईंच्या डाव्या हातात कातडीखाली 'तृणा' होती. २०३७ साली ही कृत्रिम रक्तनळी आली तेव्हा डायलिसिसच्या जगात आनंदीआनंद झाला होता. साध्या नळ्यांचं दुखणं जुनं. रक्ताला परका पृष्ठभाग लागला की प्रथिनं त्याला चिकटतात, प्रथिनांवर रक्त गोठवणारे बिंबाणू बसतात, आणि वर्ष-दोन वर्षांत नळी गुठळीनं बुजते. तृणाच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणारं गवत लावलेलं होतं. रेणूंच्या लांबलचक साखळ्या, एक टोक नळीच्या भिंतीत रुतलेलं, दुसरं मोकळं, हिरवळीसारख्या दाटीवाटीनं उभ्या. शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत या साखळ्या पाणी धरून ताठ राहायच्या, त्यामुळे रक्ताला भिंत अशी लागायचीच नाही, लागायचं ते पाणीच. तरी थोडीफार घाण बसतेच. त्यासाठी कंपनीनं एक गरम पट्टा दिला होता. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तो हातावर बांधायचा. नळी एकशे आठ डिग्रीपर्यंत तापली की साखळ्या पाणी सोडून आडव्या पडायच्या, निवल्या की सगळ्या एकदम उभ्या राहायच्या, आणि उठता उठता अंगावरचा मळ झटकून टाकायच्या. माणसाला एकशे आठ ताप येत नाही, त्यामुळे पट्ट्याशिवाय हे घडणार नाही असा हिशेब होता.

या कंपनीचा चार जिल्ह्यांचा अधिकारी होता मालनबाईंचा मुलगा, विश्वजित. पहिल्या तुकडीतली नळी त्यानं आईच्याच हातात बसवून घेतली होती. डॉक्टरांच्या बैठकीत तो आईचा फोटो दाखवायचा, आणि त्यात त्याचा ढोंगीपणा नव्हता. तृणावर त्याचा खरोखर विश्वास होता. स्वरूपाचाही होता. चार वर्षं तिनं त्या नळ्यांत हजारो सुया घातल्या, आणि इतकं निकोप काही तिनं पाहिलं नव्हतं.

पाचवं वर्ष लागलं आणि माणसं जायला लागली.

पहिले सावळजचे निवृत्त पोस्टमन गेले. तीन दिवस तापानं फणफणले होते, चौथ्या दिवशी ताप उतरला, चहा मागितला, आणि कप हातात असतानाच छातीला हात लावून आडवे झाले. दोन महिन्यांनी एक तरुण शिक्षिका गेली. तिचा ताप तर इथेच, मशीनवर असताना उतरला. डायलिसिसचं पाणी थोडं थंड ठेवतात, त्यानं अंग निवलं, ती म्हणाली की आता बरं वाटतंय, आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. दोन्हीकडे कागदावर हृदयविकार लिहिला गेला. डायलिसिसच्या माणसाला हृदयविकार होणं यात कुणाला नवल वाटत नाही. पण तिसरा रुग्ण त्याच रीतीनं गेला तेव्हा स्वरूपाच्या डोक्यात एक वाईट विचार आला आणि जाईना. तिघंही तृणावाले होते, आणि तिघंही तापानं गेले नव्हते. ते गेले होते ताप उतरताना.

तिनं एक साधा प्रयोग केला. मिरजेच्या सर्जन डॉ. नाझनीन मुजावर यांनी एका रुग्णाची चार वर्षं वापरलेली तृणा दुसऱ्या कारणानं काढली होती. त्यातला बोटभर तुकडा तिनं मागून घेतला. हॉलमागच्या खोलीतल्या शेगडीवर पाण्याचं पातेलं, पातेल्यावर स्टीलची ताटली, ताटलीवर उभी चिरून उलगडलेली नळी आणि शेजारी थर्मामीटर. आतल्या बाजूवर तिनं पाण्याचा थेंब सोडला. तो पसरला, जसा ओल्या पाटीवर पसरतो. म्हणजे गवत उभं होतं. मग ती आच वाढवत गेली आणि दर डिग्रीला नवा थेंब सोडत गेली. नवी नळी एकशे आठला पाणी झिडकारायची, अळवाच्या पानासारखी. या जुन्या तुकड्यावर थेंब गोळा होऊन घरंगळला तेव्हा थर्मामीटरवर एकशे एक होते.

तिनं पाच वेळा करून पाहिलं. एकशे एकच.

डॉ. मुजावरांनी तिला कारण समजावून दिलं. साखळ्यांना जागोजागी पाण्याची ओढ असणारे छोटे तुकडे जोडलेले असतात. ते आहेत म्हणून तर एकशे आठपर्यंत साखळी तग धरते. रक्तातली विकरं हे तुकडे हळूहळू कुरतडत असणार. कंपनीनं मेंढ्यांवर सहा महिने चाचणी घेतली होती, आणि सहा महिन्यांत हे दिसणारच नाही. आता साध्या तापातसुद्धा गवत आडवं पडतं आणि चिकट होतं. दोन-तीन दिवसांच्या तापात नळीला आतून गुठळीचं अस्तर धरतं. आणि अंग निवलं की सगळ्या साखळ्या एकदम उठतात आणि जे काम करायला त्या बनवल्या आहेत तेच करतात, झटकतात. अख्खं अस्तर सुटतं आणि शिरेतून थेट फुप्फुसात जातं.

मुजावर म्हणाल्या की त्यांना पटतंय, पण एका तुकड्यावर कुणी ऐकणार नाही. गेलेल्या तिघांचं शवविच्छेदन झालेलं नाही. आणखी नळ्या हव्यात.

स्वरूपानं कंपनीला कळवलं. तीन वेळा लिहिलं, आणि प्रत्येक पत्र वरून फिरून विश्वजितच्याच टेबलावर आलं. तो स्वतः हॉस्पिटलात आला. ट्रस्टच्या सचिवांच्या खोलीत, त्यांच्यासमोर, त्यानं अगदी शांतपणे सांगितलं की या बाईंचा आमच्या घराशी जुना वाद आहे, कोर्टाचे कागद आहेत, आणि स्वयंपाकाच्या पातेल्यात केलेल्या प्रयोगावर चार हजार रुग्णांना घाबरवणं हा गुन्हा ठरू शकतो. सचिवांनी मान डोलावली. स्वरूपाला लेखी ताकीद मिळाली की रुग्णांशी या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही.

बाहेर व्हरांड्यात ती त्याला म्हणाली, "विश्वजित, माझं राहू दे. आईच्या हातात पहिल्या तुकडीतली आहे. काढून घे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुला माझ्या आईच्या शरीरातलं काही द्यायचं नव्हतं. आता आहे तेही काढून घ्यायचंय?"

स्वरूपा हॉलमध्ये परत गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, मालनबाई तापानं फणफणलेल्या आल्या. रविवारपासून ताप होता. थर्मामीटर एकशे तीन दाखवत होतं. ड्यूटीवरचे डॉक्टर नवे होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे तापाची गोळी लिहिली, रक्त तपासायला पाठवलं, मशीन थंड पाण्यावर लावायला सांगितलं, आणि अपघाताची केस आली म्हणून खाली गेले. मालनबाईंना नेहमी सुई लावणारी सिस्टर त्या दिवशी रजेवर होती. हॉलमध्ये त्या होत्या, झोपी गेलेले दोन रुग्ण होते, आणि स्वरूपा होती.

ती जवळ गेली तेव्हा मालनबाईंना हात ओढून घेण्याचंही त्राण नव्हतं. तिनं नळीवर स्टेथोस्कोप ठेवला. चांगल्या नळीतून रक्त घरघरत जातं, जात्यासारखं. इथे आवाज बारीक आणि शिटीसारखा येत होता. तिनं हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र नळीवरून फिरवलं. नळीच्या आत, भिंतीला लागून, एक फिकट रेघ दोन्ही बाजूंनी नीट दिसत होती. अस्तर.

तिनं मुजावरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी निघतेय, सव्वा तास लागेल. मशीनला अजिबात लावू नकोस. नळी दाबू नकोस, दाबलीस तर अस्तर तुटेल. आणि काहीही झालं तरी ती निवू देऊ नकोस. पेशंटला नीट समजावून सांग, असंही त्या म्हणाल्या.

स्वरूपा फोन ठेवून मालनबाईंकडे वळली. समजावून सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे तिला माहीत होतं. आणि उत्तर काय येईल, तेही माहीत होतं. मालनबाई विश्वजितला फोन लावतील, विश्वजित म्हणेल की त्या बाईचं ऐकू नको, गोळी घे, आणि मालनबाई गोळी घेतील. तिच्या मनात त्या क्षणी दया नव्हती. पुढे तिनं हे स्वतःशी बऱ्याचदा तपासून पाहिलं. होती ती एक थंड जिद्द. ही बाई माझ्या हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, अशी जाणार नाही.

तिनं गोळी वाटीत तशीच ठेवली. गरम पट्टा बांधला, पण तो दहा मिनिटांनी आपोआप बंद पडला. दोन तास तो पुन्हा सुरू होत नसे, कातडी भाजू नये म्हणून केलेली सोय ती. मग तिनं रबरी पिशव्यांत कढत पाणी भरलं, हाताच्या दोन्ही बाजूंना लावलं आणि वरून बँडेज गुंडाळलं.

"काय करतीस?" मालनबाईंनी डोळे उघडले.

"शेक देतेय."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी," स्वरूपा म्हणाली. कोणत्या डॉक्टरांनी, ते तिनं सांगितलं नाही.

अर्ध्या तासानं तिला ज्याची भीती होती तेच झालं. मालनबाईंच्या कपाळावर घाम आला. घरचं कुणी जवळ असतं तर म्हणालं असतं, चला, ताप उतरला. थर्मामीटर एकशे दोनवर आलं, मग थोडं खाली, मग आणखी थोडं. आता एकशे एकच्या वर राखायचा होता तो फक्त हात. स्वरूपानं पिशव्या बदलल्या आणि पाणी आणखी कढत घेतलं. मालनबाई कण्हायला लागल्या. भाजतंय, काढ, म्हणाल्या. स्वरूपानं काढलं नाही. त्यांनी उजव्या हातानं बँडेज ओढायला सुरुवात केली, तेव्हा तिनं तो हात खुर्चीच्या दांड्याला पट्ट्यानं बांधला, सुई निसटू नये म्हणून झोपाळू रुग्णांचा बांधतात तसा. मालनबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर तिला नवी नव्हती. फक्त या वेळी त्यात भीती होती.

"सूड घेतीस व्हय?" त्या म्हणाल्या.

"घ्यायचा असता तर गोळी दिली असती," स्वरूपा म्हणाली. त्याचा अर्थ त्यांना कळला नाही, आणि तिनंही उलगडून सांगितला नाही.

आईचा ताप कसा आहे बघायला विश्वजित आला तेव्हा तिसऱ्यांदा पिशव्या बदलणं चाललं होतं. आईचा एक हात बांधलेला, दुसरा बँडेजात वाफाळलेला, आणि बाजूला वाटीत न दिलेली गोळी. त्यानं काही विचारलं नाही, सरळ पुढे येऊन बँडेजला हात घातला. स्वरूपा मध्ये उभी राहिली. त्यानं तिला खांद्याला धरून ढकललं, ती मशीनवर आदळली, आणि परत येऊन त्याच जागी उभी राहिली. तिनं सोनोग्राफीचा पडदा त्याच्या तोंडासमोर धरला.

"हे तुझ्या नळीचं आहे. बघ आणि मग काढ. तू काढायचं, मी नाही."

विश्वजितला ती रेघ वाचता येत होती. चार वर्षं त्यानं डॉक्टरांना स्वच्छ नळीची चित्रं दाखवली होती. ही तशी नव्हती. त्याचा हात बँडेजवर होता आणि तिथेच राहिला. ना त्यानं ते सोडलं, ना काढलं. मालनबाई त्याला हाका मारत होत्या, आरं काढ की, भाजतंय मला, आणि तो तसाच उभा होता. मुजावर जिना चढून आल्या तोवर दहाएक मिनिटं तरी अशी गेली असतील.

पुढचं काम त्यांनी चाळीस मिनिटांत उरकलं. हात गरमच ठेवून, बधिर करून नळीच्या पुढची शीर बांधली, मग मागचं धमनीकडचं टोक, आणि तृणा अख्खी काढून ट्रेमधल्या गरम पाण्यात ठेवली. विश्वजितला त्यांनी मुद्दाम आत बोलावलं होतं. पाणी निवत गेलं. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग नळीच्या तोंडाशी एक तांबूस-पांढरी कड दिसली, आणि कुणी आतून ढकलावं तसं ते अस्तर हळूहळू, न तुटता, बाहेर सरकलं. वीतभर लांब, सापाच्या कातेसारखं पोकळ. नळी मागे लखलखीत राहिली.

 नळी कंपनीच्या तपासणीसाठी मला लागेल, विश्वजित म्हणाला. मुजावरांनी ट्रेवर झाकण घातलं आणि त्याला बाहेर जायला सांगितलं.

मालनबाई वाचल्या. पण कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली होती, आणि डायलिसिससाठी आता मानेत तात्पुरती नळी घालावी लागली. शुद्ध नीट आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की पोलिसांना बोलावून जबाब दिला. मला बांधलं, माझं औषध दाबून ठेवलं, मला भाजलं. नावानिशी सांगितलं. विश्वजितनं साक्षीदार म्हणून सही केली. स्वरूपा त्याच दिवशी निलंबित झाली.

पण गुन्हा नोंदला गेला म्हणून पंचनामा झाला, आणि पंचनाम्यात ती नळी आणि ते अस्तर मुद्देमाल म्हणून मोहोरबंद झालं. कंपनीनं ते मागितलं, तेव्हा पोलिसांनी नकार दिला. मुद्देमाल सरकारी प्रयोगशाळेत गेला. तिथं पातेलं नव्हतं, चांगली यंत्रं होती, आणि अहवालात आकडा आला तो शंभर पूर्णांक आठ दशांश. अहवालासोबत स्वरूपाची तिन्ही पत्रं जोडली गेली. महिन्याभरात राज्यातल्या साऱ्या तृणाधारकांना सूचना गेली: ताप आला तर घरी औषध घेऊ नका, हात गरम ठेवा, आधी हॉस्पिटल गाठा. पहिल्या आठवड्यातच अकरा जणांच्या नळ्यांत अस्तर सापडलं, आणि अकराही जण वाचले. विश्वजितला कंपनीनं पत्रं दडपल्याबद्दल काढून टाकलं. वर कुणाकुणाला ती माहीत होती, ते त्यानं सांगितलं नाही.

स्वरूपाच्या टेक्निशियन म्हणून असलेल्या नोंदणीबद्दलची सुनावणी सांगलीला, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झाली. मालनबाई आल्या होत्या. बाही मुद्दाम वर केलेली होती, आणि हातावरची कातडी गुलाबी, ताणलेली दिसत होती. चौकशी अधिकारी पन्नाशीच्या, मवाळ बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल मालनबाईंना मराठीत वाचून दाखवला आणि समजावलं की त्या दिवशी गोळी घेतली असती तर काय झालं असतं. मग म्हणाल्या की आता सगळं स्पष्ट आहे, तर तक्रार मागे घेतलीत तर हे प्रकरण इथेच मिटेल.

मालनबाईंनी भाजलेला हात टेबलावर ठेवला.

"तिनं मला जगवलं," त्या म्हणाल्या. "ते मला कळलं. न्हाई म्हणत न्हाई मी. पर तिनं मला इचारलं न्हाई. तोंड होतं मला, शुद्धीत होते. बांधून घातलं जनावरासारखं. ती तक्रार हाय माझी. ती ऱ्हाऊ द्या."

अधिकारी स्वरूपाकडे वळल्या. तुम्हाला काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं.

स्वरूपानं गेल्या दोन महिन्यांत पुष्कळ तयारी केली होती. ताकीद, पत्रं, सव्वा तास, एकटी असणं, सगळं मुद्द्यांनी लिहून आणलं होतं. तो कागद तिनं पिशवीतून काढलाच नाही.

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "त्या नाही म्हणाल्या असत्या."

"आणि मग?"

"मग त्या गेल्या असत्या."

"गेले असते," मालनबाई म्हणाल्या. "माझी मी गेले असते."

 अधिकाऱ्यांनी निकाल सांगितला.  स्वरूपाची नोंदणी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. निकालाचा कागद टंकून आला, त्याखाली दोघींची सही हवी होती. आधी मालनबाईंनी केली, उजव्या हातानं, सावकाश, एकेक अक्षर लावत. मग त्यांनी मान वर न करताच कागद पुढे सरकवला. स्वरूपानं खाली सही केली आणि तिनंही मान वर केली नाही.